दाराबाहेर पाच जोड

किळस हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. दोन हजार एकवीसच्या त्या हिवाळ्यात मी रोज आठ तास गाड्यांच्या खिडक्यांतून हात घालून कोविडच्या चाचणीसाठी लोकांच्या नाकात काडी फिरवत होते. माणसाच्या नाकात काय काय असतं ते देवाने मला इतकं जवळून का दाखवलं, हे वर गेल्यावर त्याला विचारणार आहे. प्लास्टिकच्या गाऊनमधून घाम कमरेपर्यंत उतरायचा, मास्कमध्ये माझाच शिळा श्वास मला परत मिळायचा, आणि सॅनिटायझरने बोटांची सालं निघालेली. पण ती सगळी किळस घरी येऊन आंघोळ केली की जायची. मी सांगणार आहे ती गेली नाही. ती मला माझीच आली.

मी व्हेरोनिका, मूळची वसईची. नवरा ऑगस्टिन इंजिनिअर, तेव्हा बेडरूममध्ये टेबल टाकून काम करायचा. मुलगी कॅसँड्रा बारावीला, तीही घरातच. सिडनीच्या पश्चिमेला, वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटमागे विटांची तीन मजली इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मजल्यावर तीन दारं. एक आमचं, एक ऑलिव्हरचं, एक मिस्टर हान यांचं.

ऑलिव्हर ट्रक चालवतो. स्वभावाने वाईट नाही, पण रस्त्यावरचे बूट घालून कार्पेटवर फिरतो आणि त्याच बुटांनी सोफ्यावर झोपतो. एकदा त्याचं दार उघडं होतं तेव्हा कॅसँड्राने पाहिलं आणि दोन दिवस तेच सांगत होती. मजल्यावर दाराबाहेर चपला काढणारी घरं दोनच, आमचं आणि मिस्टर हान यांचं. ओळख त्यावरूनच झाली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमच्या चपलांची रांग पाहून ते म्हणाले, ‘वा, माणसं आली.’

मिस्टर हान तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे होते. कोरियन. सत्तरच्या दशकात सिडनीला आले, वेल्डर म्हणून हाडं झिजवली, दोन मुलं वाढवली. मुलगी ईस्टवूडला, मुलगा मेलबर्नला. बायको ओक्सून दोन वर्षांपूर्वी गेली, ऑगस्टमध्ये. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. त्यांचं तुटकं आणि माझं वसईचं, पण दोघांनाही दुसऱ्याचं कळायचं.

त्या हिवाळ्यात आमच्या भागाला सरकारने चिंतेच्या यादीत टाकलं होतं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरात पाहुणा घ्यायचा नाही, आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. त्याच वेळी टीव्हीवर समुद्रकाठची गोरी मंडळी हातात कॉफी घेऊन वाळूत फिरताना दिसायची. त्यांच्यावर हेलिकॉप्टर नव्हतं, कॅमेरा होता. मला त्या कॉफीचीसुद्धा शिसारी यायची.

नियम मोडणाऱ्याची खबर द्यायला एक नंबर होता. इथे चुगलीला डॉबिंग म्हणतात आणि शाळेपासून मुलांना शिकवतात की डॉबिंग वाईट. पण त्या काळात रोज संध्याकाळी सरकारच सांगायचं की करा, आणि लोक हजारोंनी करत होते. मी आणि मिस्टर हान त्या लोकांना पोटभर नावं ठेवायचो. शिफ्ट संपवून मी तीनच्या सुमाराला यायची. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी बूट काढून जिन्याच्या पायरीवर टेकायची. मध्ये दोन मीटर, दोघांच्या तोंडाला मास्क.

अशाच एका दुपारी त्यांनी मला शाळेची गोष्ट सांगितली.

‘आमच्या प्रांताला दोन नावं होती,’ ते म्हणाले. ‘घरात ह्वांगहे आणि शाळेत कोकाई-दो. जपान्यांनी कोरिया गिळला तेव्हा प्रांतांची नावंसुद्धा आपल्या तोंडाने म्हणायला लावली. मी जन्मलो तेव्हा त्यांना येऊन बावीस वर्षं झाली होती. आमचं गाव सफरचंदांचं. चांगली सफरचंदं बोटीने जपानला जायची, डागाळलेली आम्ही खायचो.’

शाळेत घरची भाषा बोलायला बंदी होती. दर सोमवारी गुरुजी प्रत्येकाला दहा कार्डं द्यायचे, प्रत्येक कार्डावर लाल शिक्का. एखाद्याच्या तोंडून कोरियन शब्द निघाला की ज्याने ऐकला त्याने त्याचं एक कार्ड घ्यायचं. गुरुजींना काही करावंच लागायचं नाही. मुलंच मुलांना पकडायची. शनिवारी मोजणी. ज्याची कार्डं संपली त्याने पुढचा आठवडा संडास घासायचे आणि ज्याच्याकडे सगळ्यांत जास्त त्याला बक्षीस.

‘कार्ड एवढं होतं,’ असं म्हणून ते आत गेले आणि सिरीअलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घेऊन आले. त्यावर लाल पेनने चौकोनी शिक्का काढलेला. पाऊणशे वर्षांपूर्वी ती शाळा सोडलेला माणूस, पण शिक्क्याची एक रेघ चुकली नसावी. नंतर ते कार्ड त्यांनी फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवलं. का लावलं, विचारलं नाही.

‘मी फार हुशार होतो,’ ते म्हणाले. ‘मुलं गप्प बसायला शिकली. मग मी एक युक्ती काढली. रांगेत उभं असताना बाजूच्याच्या पायावर पाय द्यायचा. दुखलं की माणूस आईच्या भाषेत ओरडतो. ओरडला की कार्ड माझं.’

मी पायरीवरचे पाय आत ओढून घेतले.

‘बोंगसू म्हणून माझा मित्र होता. थंडीने त्याची पायाची बोटं सुजून फुटलेली असायची. मला ठाऊक होतं कुठल्या पायाची. त्या हिवाळ्यात त्याने सहा आठवडे संडास घासले. पाण्यावर बर्फ असायचा. मग तो शाळेत यायचा बंद झाला. मला वही मिळाली. जपानी कागदाची, चांगली जाड. मी तिच्यात सुंदर अक्षरात लिहायचो.’

हे त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं जितक्या शांतपणे मी पेशंटला ‘मान मागे करा’ म्हणते. मग म्हणाले, ‘पोलीस वाईटच होते. लढाई सुरू झाल्यावर पितळेची भांडी न्यायला घरात आले, बूट घालून सरळ चटईवर. ज्या भांड्यांत आम्ही पितरांना जेवण वाढायचो ती उचलून नेली. आई भांड्यांसाठी रडली नाही, चटईवरच्या चिखलाच्या ठशांसाठी रडली. पण पोलिसांना शिव्या देणं सोपं आहे. बोंगसूच्या बोटांवर पोलिसाने पाय नव्हता दिला.’

आता माझी पाळी होती. तेव्हा खरं बोलायचं होतं. मी म्हटलं, ‘आमच्या शाळेतही असंच होतं. इंग्रजी मीडियम. मराठी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरं कोणी सापडेपर्यंत ती उतरायची नाही. माझ्या गळ्यात किती वेळा आली त्याची मोजदाद नाही.’

‘अरेरे,’ मिस्टर हान म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला खरंच त्या पाटीचं ओझं वाटलं.

पाटी माझ्या गळ्यात एकदाही आली नव्हती. मी वर्गाची मॉनिटर होते. पाटी अडकवणारी मीच. लता नावाची कोळीवाड्यातली एक मुलगी होती. तिला इंग्रजी यायचं नाही म्हणून ती दिवसभर मुकी राहायची, आणि मधल्या सुट्टीत कोपऱ्यात डबा खाताना स्वतःशी पुटपुटायची. मी मागून जाऊन ऐकायची. दोरीने तिच्या पांढऱ्या कॉलरवर काळी रेघ उमटली होती, धुतल्यावरसुद्धा दिसायची. आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाला, ज्याने स्वतःचं पाप माझ्यापुढे उघडं करून ठेवलं, लताची पाटी माझ्या गळ्यात घालून दाखवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. त्या रात्री झोप मात्र छान लागली.

ऑगस्ट लागला तसे मिस्टर हान बेचैन झाले. एकोणीस तारखेला बायकोचा स्मृतिदिन. आपल्याकडे हिंदूंचं श्राद्ध असतं साधारण तसं. टेबलावर फोटो ठेवायचा, भात, सूप, मासा, फळं मांडायची, दार किलकिलं ठेवायचं म्हणजे गेलेलं माणूस आत येतं, मग सगळ्या घराने वाकून नमस्कार करायचा. गेल्या वर्षी मुलगी आली होती, नातवंडं आली होती, मुलगा राज्यांची सीमा उघडल्यावर येऊन गेला. या वर्षी कोणीच येऊ शकत नव्हतं.

‘तू आरोग्यखात्यात आहेस,’ ते मला म्हणाले. ‘तू सांग. एका तासासाठी मुलगी आली तर चालेल?’

‘देखभालीसाठी चालतं, मिस्टर हान. श्राद्धासाठी नाही,’ मी म्हटलं. ‘मुलं घेऊन तर नाहीच.’

‘ओक्सून येईल आणि घर रिकामं दिसेल,’ ते म्हणाले. ‘आपल्याला कोणी आठवत नाही असं वाटेल तिला. ती फार मनाला लावून घेणारी होती.’

मी सरकारी आवाजात म्हटलं, ‘नियम सगळ्यांना सारखे.’ हे वाक्य तोंडातून निघतानाच आंबट लागलं होतं, कारण ते खोटं आहे हे मला कोणापेक्षा जास्त माहीत होतं.

मग वाईट वाटून विचारलं की दुकानातलं काही आणायचं का. त्यांना श्राद्धाला सुका मासा लागतो. त्यांचं कोरियन दुकान पाच किलोमीटरच्या बाहेर. मी मेन स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातून सुके बोंबील आणले. त्यांनी पाकीट उघडून नाकाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘आमचा नाही, पण भाऊ लागतो.’ जिन्यात वास सुटला तेव्हा ऑलिव्हर दार उघडून म्हणाला, ‘मेट, समथिंग डाइड इन हिअर?’ आम्ही दोघं मास्कच्या आत हसलो. त्या मजल्यावर मला माहेरासारखं वाटलेला शेवटचा दिवस तो.

आता माझ्या डॅडींबद्दल सांगायला हवं. ते एप्रिलच्या शेवटी वसईत वारले, दुसऱ्या लाटेत. त्या आठवड्यात भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना हा देश तुरुंगाची भीती घालत होता. जायला परवानगी लागायची आणि परत यायची खात्री नव्हती. मी राहिले. चुलतभावाने मोबाईल धरला आणि मी डॅडींची माती किचनमधल्या स्टुलावर बसून पाहिली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी, पांढऱ्या पोशाखातली चार माणसं, फादर लांब उभे. माती टाकताना नेटवर्क गेलं आणि चित्र थांबलं, फावडं हवेत. परत लागलं तेव्हा खड्डा भरला होता. दुसऱ्या दिवशी मी शिफ्टला गेले आणि एकशे ऐंशी नाकं केली.

हे सांगते ते सबब म्हणून नाही. सबब म्हणूनच सांगते, पण ती पुरत नाही हे मला ठाऊक आहे.

एकोणीस तारखेला दिवस वाईट गेला. एक माणूस गाडीत माझ्या ग्लोव्हजवर शिंकला आणि हसला. एक बाई म्हणाली, ‘तुमच्याच लोकांनी आणलं हे.’ ओव्हरटाइम झाला. संध्याकाळी साडेसहाला जिना चढून वर आले, अंगाला प्लास्टिकचा वास, पाय सुजलेले. आणि मिस्टर हान यांच्या दाराबाहेर पाच जोड दिसले.

त्यांची स्वतःची काळी सँडल नेहमीच्या जागी होती, ती सोडून पाच. बायकी चपला. पुरुषाचे जाड तळव्याचे बूट. एक पांढरा कॅनव्हासचा जोड. निळ्या रबरी सपातांचा एक जोड. आणि छोटे फुटबॉलचे बूट. सगळे नीट, टाचा भिंतीकडे. दार किलकिलं. आतून उदबत्तीचा वास, तळलेल्या बोंबलाचा वास, आणि आवाज. बाईचा, पुरुषाचा, एका तरुण मुलीचं हसणं. सगळं कोरियनमध्ये.

मी तिथे उभी राहिले. आधी वाटलं, बरं झालं, आली मुलं. हे खरंच वाटलं, अगदी क्षणभर. मग मी जोड पुन्हा मोजले. मी माझ्या बापाला स्टुलावर बसून पुरलं. नियम पाळला. आणि हे इथे पाच-पाच जणं जमवून, दार उघडं टाकून, माझ्याच बोंबलांवर जेवतात. नियम सगळ्यांना सारखे म्हटलं होतं मी. मग असू देत सारखे.

मी आमच्या दारात बूट काढले, आत गेले, बाथरूममध्ये नळ सोडला आणि फोन लावला. पाणी कशाला सोडलं? ऑगस्टिनला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणजे काय करतेय हे मला कळत होतं. पलीकडून एका बाईने पत्ता विचारला. किती माणसं, विचारलं. मी म्हटलं, ‘पाच पाहुणे. मी चपला मोजल्यात.’ नाव द्यायचंय का, विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘नो वरीज, थँक्स फॉर कॉलिंग.’ मी नळ बंद केला, हात धुतले, वीस सेकंद, नियमाप्रमाणे.

अर्ध्या तासात पोलीस आले. दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, कॅसँड्राहून फार मोठे नसतील. मी दाराच्या भोकाला डोळा लावला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण कोणीतरी मला बघूनच केली असणार. त्यांनी चपलांकडे पाहिलं, दार ठोठावलं आणि दार उघडंच होतं म्हणून ढकललं. उर्मट नव्हते ते, ‘सर, सर’ म्हणत होते. फक्त बुटांसकट आत गेले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की बूट काढतात.

आतले आवाज एकदम थांबले. मग मिस्टर हान यांचा एकट्याचा आवाज आला, बारीक, काहीतरी समजावणारा. मग पुन्हा ती बाई बोलली, पण आता कळलं की तो आवाज पातळ आहे, पत्र्यातून आल्यासारखा. मोबाईलवरचा आवाज असतो तसा. तो आवाज मला ओळखू यायला हवा होता. मी बापाची माती त्याच आवाजात ऐकली होती.

चार मिनिटांत पोलीस बाहेर आले. त्यांच्यातली मुलगी रडवेली झाली होती. मुलगा रेडिओवर म्हणाला, ‘नथिंग. जस्ट ॲन ओल्ड ब्लोक बाय हिमसेल्फ. हॅविंग डिनर विथ अ फोटो.’ जिन्याकडे वळताना त्याचा बूट फुटबॉलच्या बुटाला लागला आणि तो उलटा पडला. तळव्याला मातीसुद्धा नव्हती, नुसती धूळ. तेव्हा मला आठवलं की त्यांचा नातू युनिव्हर्सिटीत जातो, सहा फूट उंच आहे. ते बूट दहा वर्षांच्या मुलाचे होते. मी जोड मोजले होते, पाहिले नव्हते.

‘काय झालं गं?’ मागून ऑगस्टिनने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘कोणीतरी मिस्टर हान यांची तक्रार केली वाटतं.’

‘कोण असं घाणेरडं माणूस?’ तो म्हणाला. स्वभावाने गरीब आहे माझा नवरा.

कॅसँड्रा अभ्यासातून मान वर करून म्हणाली, ‘दॅट्स डिस्गस्टिंग. हू डॉब्स इन अ नाइन्टी-इअर-ओल्ड?’

मी जेवले नाही. बाथरूममध्ये जाऊन उलटी काढायचा प्रयत्न केला, पण ती किळस त्या वाटेने बाहेर पडणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. मिस्टर हान उभे होते, मास्क लावून, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही हातांत ताट, वर फडकं. श्राद्धाचं जेवण शेजाऱ्यांना वाटायचं असतं, गेल्या वर्षीही त्यांनी दिलं होतं. मी ताट घेतलं. फडक्याखाली भात, भाजी, वरचं तोंड कापलेलं एक सफरचंद, आणि एक बोंबील, शेपटीसकट, नीट मध्यभागी ठेवलेला.

‘काल पोलीस आले होते,’ ते म्हणाले.

‘ऐकलं मी. फार वाईट झालं, मिस्टर हान. मुलं आली होती का?’ हे मी विचारलं. उत्तर माहीत असताना विचारलं.

‘नाही. कशी येतील? नियम सगळ्यांना सारखे.’ त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ‘चपला मीच मांडल्या. कपाटात जुन्या पडल्या होत्या. ओक्सूनला दाराशी चपला दिसल्या की वाटेल, सगळे आले. मग ती आत येईल. आत आल्यावर मुलं होतीच की स्क्रीनवर. थोडी फसवणूक आहे, पण ती रागावली नसती. कोरियात असं कोणी करत नाही. माझीच युक्ती.’

‘छान होती युक्ती,’ मी म्हटलं.

‘चालली असती. पण वाढून झालं आणि ते आत आले. बूट घालून. चटईवर.’ ते थांबले. ‘त्या पोरांची चूक नाही. त्यांना दारातच सांगायला हवं होतं मी. पण मी आठ वर्षांचा झालो होतो, माझ्या तोंडून शब्द निघेना.’

मी ताट धरून उभी. आता सांगायचं होतं. पाटीच्या वेळी खोटं बोलले, आता तरी खरं बोलायचं होतं. आणि माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं ते असं, ‘लोक किती नीच असतात ना. ऑलिव्हर तर नसेल? परवा वासावरून बोलत होता.’

मिस्टर हान यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोंगसूची गोष्ट सांगताना ज्या नजरेने ते जिन्याकडे पाहत होते त्याच नजरेने.

‘ऑलिव्हर बूट घालून झोपतो,’ ते म्हणाले. ‘दाराबाहेर पाच जोड असले तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याने कचऱ्यात टाकायला काढले. जोड म्हणजे माणूस, हे त्याला कसं कळणार? या मजल्यावर चपला वाचता येणारी दोनच घरं आहेत. त्यातला मी आत नमस्कार करत होतो.’

जिन्यात कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन फिरत होतं. मी म्हटलं, ‘मिस्टर हान, माझ्या गळ्यात पाटी कधीच नव्हती. मी अडकवायची.’

एवढंच जमलं. फोनबद्दल बोलायची गरज उरली नव्हती.

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना तेव्हापासूनच ठाऊक होतं. मग शर्टाच्या खिशातून ते कार्ड काढलं, सिरीअलच्या खोक्याचं, लाल शिक्क्याचं. त्यांच्याकडे मोठ्यांना वस्तू दोन्ही हातांनी देतात. एकोणनव्वद वर्षांच्या त्या माणसाने ते कार्ड दोन्ही हातांनी, किंचित वाकून माझ्यापुढे धरलं. माझे दोन्ही हात ताटात अडकलेले. त्यांनी ते बोंबलाशेजारी भातावर ठेवलं.

‘नियम तोच आहे,’ ते म्हणाले. ‘ज्याने पकडलं त्याचं कार्ड.’

ते वळले, आपल्या दाराशी गेले, भिंतीला हात टेकून सँडल काढली. बाहेर आता तेवढा एकच जोड होता. आत जाता जाता थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, ‘मला वही मिळाली होती. तुला काय दिलं त्यांनी?’

मी खरं ते सांगितलं. ‘नो वरीज म्हणाले.’